कानातला आवाज बाधेचा, वेडाचा की आघाताचा?

१ जुलै २०२३. मध्यरात्र उलटून दीड तास झाला असेल. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी ट्रॅव्हल्स समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजा तालुक्यातील पिंपळखुटा गावाजवळ उलटली. दाराची बाजू खाली गेली आणि गाडीने पेट घेतला. गाडीत ३३ जण होते. २५ जण आतच गेले, आठ जण कसेबसे बाहेर पडले. मृतदेहांची ओळख पटवणे इतके अवघड होते की बहुतेकांवर बुलढाण्यात सामूहिक अंत्यसंस्कार करावे लागले.

त्यानंतर कित्येक दिवस चर्चा चालली ती टायर फुटला की चालकाला डुलकी लागली याची, गाडीच्या रचनेची, महामार्गावरच्या वेगाची. ती व्हायलाच हवी होती. पण जे काचेतून बाहेर पडले, ज्यांनी रस्त्यावर उभे राहून आतल्या किंकाळ्या ऐकल्या, ज्या पोलिसांनी, रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांनी आणि गावकऱ्यांनी पहाटे ते अवशेष उचलले, त्यांच्या मनाचे पुढे काय, हा प्रश्न त्या गदारोळात फारसा कुणी विचारला नाही. हे एकाच अपघातापुरते नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये याच सिंदखेड राजा तालुक्यात समृद्धीच्या कामावरचे मजूर घेऊन जाणारा टिप्पर उलटून १३ जणांचा जीव गेला. पिंपळखुट्यानंतर महिनाही झाला नव्हता तोच मलकापूरजवळ दोन ट्रॅव्हल्स समोरासमोर धडकून सहा जण दगावले. प्रत्येक वेळी मृतांचा आकडा आला, जखमींचा आला. तिसरा आकडा कुणी मोजतच नाही.

नेमके घडते काय?

समजा, देऊळगाव राजाकडचा एखादा तिशीतला क्लीनर. अशाच एका अपघातातून तो वाचला आहे. अंगावर ओरखडेसुद्धा नाहीत. पहिले पंधरा दिवस घरचे म्हणतात, देवाने वाचवले. मग तो रात्री उठून बसू लागतो. कुणीतरी ‘दार उघड’ म्हणून ओरडते आहे, असे त्याला स्पष्ट ऐकू येते. घरात चूल पेटलेली नसताना जळाल्याचा वास येतो. रस्त्यावरून ट्रक गेला की तो अंगणात धावत सुटतो. आपल्या मागावर कुणी आहे, असे त्याला वाटते. बायकोने खांद्याला हात लावला तर झटकून देतो. कधी तासभर एकाच जागी बघत बसतो. विचारले तर म्हणतो, हे घर खरे नाही, मीही खरा नाही.

आता याला काय म्हणायचे? आजी म्हणते, बाहेरची बाधा झाली. शेजारी म्हणतात, डोक्यावर परिणाम झाला. तालुक्याच्या गर्दीच्या दवाखान्यात पाच मिनिटांत ‘आवाज ऐकू येतात का? संशय येतो का?’ हे दोन प्रश्न विचारले जातात, दोन्हींची उत्तरे ‘हो’ येतात आणि कागदावर सायकोसिस, म्हणजे वास्तवाशी संबंध तुटणारा गंभीर मनोविकार, असे लिहिले जाते. तिघांपैकी कुणीच खोटे बोलत नसते. पण ‘हे कधीपासून सुरू झाले आणि त्याआधी काय घडले होते?’ हा प्रश्नही तिघांपैकी कुणी विचारलेला नसतो.

या माणसाला आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पीटीएसडी असण्याची दाट शक्यता आहे. जिवावर बेतलेल्या प्रसंगाची आठवण साध्या आठवणीसारखी मनात जागा घेत नाही. साध्या आठवणीला तारीख असते. गेल्या दिवाळीला काय झाले ते आठवताना आपण आज कुठे बसलो आहोत हे सुटत नाही. आघाताच्या आठवणीला अशी तारीख लागत नाही. ती वास, आवाज, उष्णता, छातीतली धडधड अशा तुकड्यांनी साठते आणि एखादा तुकडा बाहेरून छेडला गेला की सगळा प्रसंग ‘आत्ता’ घडू लागतो. यालाच फ्लॅशबॅक म्हणतात. सिनेमातल्या फ्लॅशबॅकमुळे हा शब्द उगाच सौम्य वाटतो. प्रत्यक्षात माणूस काही काळ त्या गाडीतच असतो.

यात सतत सावध राहणे, झोप उडणे, कुणावर विश्वास न बसणे मिसळले की बाहेरून दिसणारे चित्र वेडाचेच असते. ज्याला ते होते त्यालाही तसेच वाटते. ‘मला वेड लागत चालले आहे’ या भीतीने असे कित्येक जण कुणाला काही सांगतच नाहीत.

मग हे वेड नव्हे का?

इथे घाईने ‘नव्हे’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. खरे उत्तर थोडे किचकट आहे आणि ते तसेच सांगितले पाहिजे.

तीव्र पीटीएसडीमध्ये काहींना आवाज ऐकू येतात, सावल्या दिसतात, संशय पक्का होतो, हे मानसोपचारात ओळखीचे आहे. फरक बहुधा आशयात असतो. आवाज त्या प्रसंगातल्या माणसांचा असतो किंवा त्या प्रसंगावरून टोचणारा असतो: तू वाचलास, ते का नाही? लक्षणे विशिष्ट वासाने, जागेने, तारखेने वाढतात आणि सुरक्षित वाटले की ओसरतात. लाट ओसरल्यावर अनेकांना ‘हे खरे नव्हते’ हे कळते. पण सगळ्यांना नाही. आवाज कानातून येतो की डोक्यातून, एवढ्यावरून निदान करता येत नाही.

शिवाय दोन्ही एकत्र असू शकतात. बालपणातील अत्याचार, हिंसा, उपेक्षा यांचा पुढच्या सायकोसिसशी संबंध किती, याचा अनेक अभ्यासांना एकत्र घेऊन झालेला आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे बालपण गेलेल्यांमध्ये ही शक्यता पावणेतीन पटींच्या आसपास आढळली. म्हणजे ‘आघात की वेड’ ही दोन बंद कपाटे नाहीत.

आणखी काही शक्यता डॉक्टरांनी तपासायलाच हव्यात. झोप यावी म्हणून रोज दारू पिणाऱ्याने ती अचानक सोडली, तर दोन-तीन दिवसांत भास होऊ शकतात आणि ते जिवावर बेतू शकते. अपघातात डोक्याला मार लागला असेल तर त्याचा, तसेच फिट येण्याचा संबंध असू शकतो. म्हणून घरबसल्या ‘हा तर पीटीएसडीच’ असे ठरवून चालू गोळ्या बंद करणे, ही उलट्या बाजूची तितकीच मोठी चूक ठरेल.

आघात झालेल्या प्रत्येकाला हा विकार होतो, असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, जगातील सुमारे ७० टक्के लोकांच्या वाट्याला आयुष्यात कधीतरी असा हादरवणारा प्रसंग येतो. त्यांपैकी साधारण ५.६ टक्क्यांना पीटीएसडी जडतो. पहिले काही आठवडे झोप न येणे, रडू येणे, दचकणे हे मनाचे नेहमीचे दुखणे आहे. महिना उलटूनही ते ओसरत नसेल, काम आणि घर सुटत असेल, तेव्हा विकाराचा विचार होतो. काहींमध्ये पूर्ण चित्र सहा महिन्यांनंतर दिसते. तोवर अपघात सगळ्यांच्या विस्मरणात गेलेला असतो, त्यामुळे दोन्हींची सांगड कुणी घालतच नाही.

या आजाराला नाव मिळायलाच फार वेळ लागला. पहिल्या महायुद्धात सैनिक थरथरू लागले, बहिरे-मुके झाले, तेव्हा चार्ल्स मायर्स या डॉक्टरने १९१५ मध्ये ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात आणला. तरी त्याच युद्धात भेकडपणा आणि पलायनाच्या आरोपांखाली ब्रिटिश लष्कराने स्वतःच्याच सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांतील ३०६ जणांना माफी मिळाली ती २००६ मध्ये. पीटीएसडी हे नाव अमेरिकेच्या निदान-पुस्तिकेत आले १९८० मध्ये. दीर्घकाळच्या छळातून होणाऱ्या ‘कॉम्प्लेक्स पीटीएसडी’ला जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात स्वतंत्र जागा मिळाली आणि ते वर्गीकरण २०२२ पासून लागू झाले. तेव्हा तालुक्याच्या ठिकाणी हे निदान चटकन होत नाही यात एकट्या डॉक्टरचा दोष काढण्यात अर्थ नाही.

कीटकनाशकाचा वास

अपघात निदान बातमीत तरी येतो. बुलढाणा जिल्ह्यातला दुसरा आघात घरात घडतो. पश्चिम विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या पट्ट्यात हा जिल्हा आहे. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यात तो होता. आत्महत्या ‘पात्र’ ठरली तर कुटुंबाला एक लाख मिळतात. सातबारा, कर्जाचे कागद, पंचनामा, सगळे तपासले जाते. पण ज्या बाईने किंवा ज्या शाळकरी पोराने विष घेतलेल्या माणसाला शेतात तडफडताना पाहिले, त्याचे डोके मांडीवर घेऊन जीपमधून दवाखाना गाठला, त्यांच्याकडे कोण बघते?

सोयाबीन-कपाशीवर फवारणी सुरू झाली की तोच वास पुन्हा सगळ्या शिवारात भरतो. त्या वासाने एखादी बाई निंदणी टाकून पळत सुटली, घरी येऊन ‘ते बोलावून राहिले’ म्हणू लागली, तर गावाच्या लेखी तिला नवऱ्याच्या भुताने धरलेले असते. वर्षभराने पुन्हा पावसाळ्यात तेच होते आणि बाधेची खात्रीच पटते. वास आणि आठवण यांचा सांधा कुणी दाखवून दिला नाही, तर भुताचा खुलासाच जास्त सुसंगत वाटतो, हे मान्य केले पाहिजे.

राज्य सरकारने आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला, त्यात बुलढाणा आहे. आशा कार्यकर्तींनी घरोघरी जाऊन नैराश्याची लक्षणे विचारावीत, ही त्यातील कल्पना चांगली आहे. मात्र नैराश्याचे प्रश्न आणि आघाताचे प्रश्न एक नसतात. ‘उदास वाटते का?’ याला ती बाई ‘नाही’ म्हणेल. ‘एखादा वास, आवाज आला की ते सगळं पुन्हा समोर उभं राहतं का?’ असे विचारले तर कदाचित बोलू लागेल. आशाताईंच्या यादीत असे दोन-तीन प्रश्न वाढवायला वेगळे बजेटही लागणार नाही.

बलात्कार, हुंडाछळ, दारुड्या बापाची मारहाण यातून येणारा आघात तर याहून लपलेला. तिथे अपराधी घरातलाच असतो आणि बाईच्या अंगात येणे हीच तिची बोलण्याची एकमेव संधी असू शकते.

सैलानीची वाट

या जिल्ह्यात मानसिक त्रासाबद्दल लिहायचे आणि सैलानी टाळायचे, हे होऊ शकत नाही. पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर सर्व धर्मांचे लोक येतात. होळीला इथे नारळांची होळी पेटते आणि यात्रेला लाखोंची गर्दी लोटते. बाधा उतरेल या आशेने आणलेले मनोरुग्ण हे इथले जुने दृश्य आहे.

शहरी माणूस हे पाहून नाक मुरडतो. पण जिचे ओरडणे गावात थट्टेचा विषय होते, तिच्याकडे इथे कुणी वळूनही पाहत नाही. इथे आणखी शंभर जण तसेच ओरडत असतात. आई-बाप, भाऊ सोबत मुक्काम करतात. सरकारी ओपीडीच्या रांगेत हे मिळत नाही. श्रद्धेने दर्ग्यावर किंवा देवळात जाण्याने कुणाचे नुकसान होत नाही. नुकसान होते ते साखळीने, माराने, मिरचीच्या धुरीने, उपाशी ठेवण्याने आणि उपचाराविना गेलेल्या वर्षांनी. आघात झालेल्या माणसाला तर बांधणे म्हणजे तोच प्रसंग त्याच्यावर पुन्हा घडवणे. जो जळत्या गाडीत अडकला होता त्याला खांबाला बांधल्यावर त्याच्या शरीराला काय कळत असेल, याची कल्पना करावी.

तमिळनाडूतील एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण मेले. त्यानंतर देशाला जाग आली. गुजरातमध्ये उनावा येथील मीरा दातार दर्ग्यावर मग वेगळा प्रयोग झाला. मुजावरांना शत्रू न मानता त्यांनाच लक्षणे ओळखायला शिकवले आणि दुआबरोबर दवाही, दर्ग्याच्या आवारातच. बुलढाण्यात चिखली तालुक्यातील पळसखेड सपकाळ येथे पालवे दाम्पत्याचे सेवासंकल्प प्रतिष्ठान रस्त्यावर सोडून दिलेल्या मनोरुग्णांना सांभाळते. अशा संस्था आहेत म्हणून शासनाची जबाबदारी हलकी होत नाही. सैलानीला बारमाही मानसोपचार कक्ष हवा, यात्रेपुरता तंबू नव्हे.

गोळी कोणती, बोलणे कोणते

पीटीएसडीवर सर्वाधिक उपयोगी ठरलेला उपचार बोलण्याचा आहे. पण तो ‘मन मोकळं करा’ या छापाचा नव्हे. आघातावर केंद्रित असलेली बोधात्मक वर्तन चिकित्सा आणि डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी ईएमडीआर, या दोन पद्धतींना जगभर मान्यता आहे. प्रशिक्षित थेरपिस्ट ती तुटक आठवण हळूहळू, रुग्णाच्या कलाने, सलग गोष्टीत आणतो. तिला तारीख लावून देतो, असे म्हणता येईल. भास किंवा आवाज असलेल्यांनाही तयारी करून हे उपचार देता येतात. आधी वेड बरे होऊ द्या मग बोलू, असे म्हणत वर्षे घालवण्याचे कारण नाही.

औषधांमध्ये सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन यांसारखी औषधे वापरली जातात. आवाज आणि संशय तीव्र असेल तर डॉक्टर काही काळ सायकोसिसवरची औषधेही देतात. ज्याची सवय आपल्याकडे सर्वाधिक आहे ती झोपेची गोळी मात्र इथे घात करते. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात तणावाच्या लक्षणांसाठी बेन्झोडायझेपाइन गटातल्या गोळ्या देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये स्पष्ट सांगितले. त्या सवय लावतात. ‘झोप येत नाही’ एवढेच ऐकून मेडिकलवाल्याने पुडी बांधून देणे थांबायला हवे.

अडचण आहे ती हे देणारी माणसे कुठून आणायची याची. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, रत्नागिरी आणि नागपूरला. बुलढाण्याहून त्यांपैकी नागपूरला जायचे तरी तीनशेहून अधिक किलोमीटर, आणि तेही कदाचित ट्रॅव्हल्सने! ज्याला ट्रॅव्हल्सचीच भीती बसली आहे त्याने जायचे कसे? जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, आणि २०२४ पासून बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. मानसोपचार विभाग उभारताना आघातावरचे उपचार मराठीत, वऱ्हाडीत देऊ शकणारे दोन-तीन समुपदेशक नेमले, तर जिल्ह्याचे चित्र बदलेल. महामार्ग बांधताना ट्रॉमा सेंटरची मागणी होते, तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे हाडे आणि रक्त असते. त्याच केंद्रातून वाचलेल्यांना, नातेवाइकांना आणि मृतदेह उचलणाऱ्यांना एका, तीन आणि सहा महिन्यांनी एक फोन गेला पाहिजे. सानुग्रह अनुदानाच्या शासन आदेशात ही एक ओळ घालणे अशक्य नाही.

कायदा रुग्णाच्या बाजूने

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये झाला आणि २०१८ मध्ये लागू झाला. त्याच्या कलम १८ नुसार सरकारी मानसिक उपचार हा हक्क आहे. मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास कलम ९५ ने बंदी आहे. विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावे, असे कलम २१ सांगते. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत मानसिक आजार येतो. हे सगळे कागदावर भक्कम आहे. पोलीस पाटलापर्यंत त्यातले किती पोचले आहे, हा वेगळा विषय.

त्या क्षणी घरच्यांनी काय करावे?

वाद घालू नये. ‘इथं काही नाही, उगाच नाटकं करू नको’ म्हटल्याने आवाज थांबत नाही, विश्वास मात्र जातो. हो ला हो मिळवून आपणही आग पाहिल्यासारखे करू नये. समोरून, हळू आवाजात, नाव घेऊन बोलावे. पाठीमागून हात लावू नये. ‘दादा, तू घरी आहेस. आज मंगळवार आहे. मी तुझी ताई. पाय जमिनीला टेकव, गार पाण्याचा तांब्या हातात धर.’ समोरच्या पाच वस्तूंची नावे घ्यायला लावावीत. माणूस आठवणीतून आजच्या दिवसात परतायला अशा साध्या गोष्टींची मदत होते. लाट ओसरल्यावर लगेच खोदून प्रश्न विचारू नयेत; सांगायचे असेल तेव्हा ऐकायला कुणीतरी आहे एवढे त्याला कळले तरी पुष्कळ.

आवाज ‘स्वतःला संपव’ किंवा ‘त्याला मार’ असे सांगत असतील, खाणे-झोप पूर्ण बंद असेल, तर वाट न पाहता १०८ ला फोन करून जिल्हा रुग्णालय गाठावे. घरातली कीटकनाशके त्याआधी हलवावीत. एरवी ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि मराठीत बोलता येते. फोन लागल्यावर ‘याला भास होतात’ एवढेच सांगून थांबू नये. कधीपासून होतात, कशाने वाढतात आणि त्याआधी त्याच्यावर काय गुदरले होते, हेही सांगावे. डॉक्टरांकडे जातानाही या तीन गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात. पाच मिनिटांच्या भेटीत तो कागद उपयोगी पडतो.